आवाज थांबला, गाडी थांबेना

गॅरेजात गाडी घेऊन आलेल्या माणसाला मी आधी आवाज विचारतो. "काय झालंय?" असं विचारलं की लोक इतिहास सांगत बसतात. गाडी कुणाकडून घेतली, कुणाच्या लग्नात नेली, मेव्हण्यानं कुठं आपटली. म्हणून मी सरळ म्हणतो, "आवाज कसा येतोय, तेवढा तोंडानं काढून दाखवा." मग गंमत बघावी. कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करणारे एक वकील माझ्यासमोर ओठांचा चंबू करून "कीऽऽऽ" करतात. कापडदुकानदार शेठ दोन्ही हात गोल फिरवत "खर्र, खर्र, खट्" करतात आणि कुणी बघितलं का म्हणून मागं वळून पाहतात. एकदा बाजारच्या दिवशी एक पाटील इतके मन लावून किंचाळत होते की रस्त्यानं जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत गेल्या. मला हसू येत नाही. आवाज नीट काढला तर माझं निम्मं काम तिथंच झालेलं असतं.

आमच्या भूमजवळच्या वाशीत माझं गॅरेज आहे, बाजारतळाच्या पलीकडं. तीसेक वर्षं झाली. जीपगाड्यांपासून सुरुवात केली, आता शेंगदाण्यासारख्या छोट्या गाड्याच जास्त येतात. इंजिन, गिअर, सगळं करतो, पण पंचक्रोशीत मला ओळखतात ते "ब्रेकचा मिस्त्री" म्हणून. भूमहून, येरमाळ्याहून लोक खास ब्रेकसाठी येतात. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. इंजिनात मिस्त्रीची चूक झाली तर गाडी चालत नाही, ब्रेकात झाली तर थांबत नाही. पहिल्या चुकीचं गिऱ्हाईक शिव्या द्यायला का होईना परत येतं. दुसऱ्या चुकीचं येईलच असं नाही.

ज्यांनी कधी चाकाच्या आत डोकावलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या चाकाच्या आत एक लोखंडी थाळी असते, तिला डिस्क म्हणतात. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. पायडल दाबलं की दोन्ही पॅड त्या थाळीला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. पॅडचा जो थर थाळीला घासतो त्याला आम्ही लायनर म्हणतो. तो झिजण्यासाठीच केलेला असतो. खोडरबर झिजलं म्हणून कुणी तक्रार करत नाही, तसंच हे आहे. तो फार झिजला की पॅडवरची एक बारीक पोलादी पट्टी थाळीला टेकते आणि चिरकायला लागते. वकीलसाहेब काढतात तो आवाज तिचाच. ती पट्टी सांगत असते, बाबा रे, आता मला बदल.

बदलायचं काम तसं तासाभराचं. मागच्या चाकांना दगड लावायचे, जॅक लावून पुढचं चाक काढायचं. पॅडना धरून ठेवणारा जो लोखंडी पंजा असतो, कॅलिपर, त्याचा बोल्ट काढून तो उचलायचा. तो नुसता लोंबकळत सोडला तर त्याची रबरी नळी ताणली जाते, म्हणून मी तारेनं बांधून ठेवतो. मग आतला पिस्टन हळूहळू मागं दाबायचा. त्या वेळी बॉनेटमधल्या डबीत ब्रेक ऑइल वर चढतं, तिकडं एक डोळा ठेवायचा. पिना पुसून त्यांना ग्रीस द्यायचं, पण ते फक्त पिनांना. थाळीला आणि लायनरला तेलकट बोटसुद्धा लागता कामा नये. नवे पॅड पाकिटातून काढायच्या आधी मी राखेनं हात धुतो. लोकांना वाटतं मिस्त्री सोवळं पाळतो.

आणि पॅड बदलायचे ते दोन्ही चाकांचे. "एकाच बाजूचे टाका की ओ मिस्त्री, दुसरी बाजू चांगली हाय," असं म्हणणारा महिन्याला एक तरी भेटतो. त्याला मी विचारतो, तुमच्या बैलजोडीतला एक बैल दमलेला आणि एक ताजा असला तर गाडी कुठं जाते? तो म्हणतो, नाल्यात. मग तो गपगुमान दोन्हीकडचे टाकू देतो.

माझ्याही हातून चूक झालेली आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा एका डॉक्टरांच्या गाडीचे पॅड बदलले, चाकं बसवली, चावी हातात दिली. पिस्टन मागं दाबलेला असतो, तो पुन्हा पॅडला येऊन टेकेपर्यंत पायडल दहा-पंधरा वेळा दाबावं लागतं, ते मी विसरलो. डॉक्टर निघाले, समोरच्या रसवंतीपाशी त्यांनी ब्रेक दाबला तर पाय सरळ खाली गेला. गाडीनं रसवंतीचं बाकडं हळूच उचलून बाजूला ठेवलं. बाकड्यावर कुणी नव्हतं, एवढं माझं नशीब. डॉक्टर उतरले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मी जर असं विसरलो असतो तर?" बस्स, एवढंच. त्या दिवशी मी गॅरेजच्या भिंतीवर रंगानं लिहिलं, "आधी पाय, मग चावी." अजून दर पाडव्याला त्यावर नवा रंग देतो.

आता वैशाली मॅडमची गोष्ट सांगतो.

वैशाली मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वाशीपासून दहा-बारा किलोमीटरवर सासर, शाळा त्याच्याही पुढं एका वस्तीवर. तिकडं जाणारी एसटी एकच आणि ती पोचते शाळा भरून गेल्यावर. नवरा पुण्यात कंपनीत. म्हणून मॅडमनी स्वतःच्या पगारातून जुनी पांढरी गाडी घेतली आणि चालवायला शिकल्या. त्यांच्या गावात गाडी चालवणारी ती पहिली सून. गावाला बरेच दिवस तेवढा एकच विषय पुरला. घरात सासू राधाकाकू, सासरे किसनतात्या आणि थोरले दीर भास्करराव. भास्कररावांना घरच्या सुनेनं गाडी चालवणं पहिल्यापासून पसंत नव्हतं. तात्या मात्र बोलत नसत. ते मुळातच कमी बोलणारे, सत्तरी ओलांडलेले, तीन बैलजोड्या हातांनी वागवलेले शेतकरी.

नवरात्राच्या तोंडावर मॅडम गाडी घेऊन आल्या. आवाज विचारला तर आधी इकडंतिकडं बघितलं आणि मग वर्गात शिकवावं तसा स्पष्ट आवाज काढून दाखवला. म्हणाल्या, "ब्रेक दाबला की येतो, सोडला की जातो. उजवीकडून जास्त." मी तर खूशच झालो. इतकं नेमकं मला वकिलांनीही कधी सांगितलं नव्हतं. वाकून बघितलं, पॅड संपत आले होते, पण अजून थोडा थर शिल्लक होता. त्या गाडीचे पॅड माझ्याकडं नव्हते, मागवावे लागणार होते. शिवाय नवरात्र. तुळजापूरला जाणाऱ्या जीपगाड्यांची माझ्या दारात रांग लागलेली. मी म्हणालो, "दसरा झाला की या. तोवर जपून चालवा. आवाजाला भिऊ नका, तो आपल्या फायद्याचा आहे."

मॅडमनी तिथंच चार प्रश्न विचारले. त्यातला एक होता, "मिस्त्री, समजा उतारावर ब्रेक लागलेच नाहीत, तर काय करायचं?" मी सांगितलं. गिअर एकेक करून खाली आणायचा, गाडी बंद करायची नाही, हँडब्रेक एकदम खेचायचा नाही, बटण दाबून धरून थोडा थोडा ओढायचा आणि डोंगराची बाजू धरायची, दरीची नाही. हेच मी शेकडो गड्यांना सांगितलं असेल. ते "व्हय व्हय" म्हणत मान हलवतात. मॅडमनी पर्समधून पेन काढून लिहून घेतलं.

त्या दिवशी माझं चुकलं ते आता सांगतो. संपत आलेले पॅड मी गर्दीपायी पुढं ढकलले, ही एक चूक. दुसरी चूक अशी की आवाज का येतो ते मी फक्त गाडी चालवणाऱ्या बाईला सांगितलं. तो आवाज सगळं घर ऐकत होतं, सगळं गाव ऐकत होतं, त्यांना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं.

आठवड्यानं, सकाळी अकराच्या सुमाराला मॅडमचा फोन आला. राधाकाकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन बार्शीला ठरलं होतं. मॅडमनी रजा टाकली होती आणि सासूला घेऊन निघाल्या होत्या. आवाज अगदी शांत, पण जरा कोरडा. "मिस्त्री, घाटात ब्रेक लागले नाहीत. गाडी थांबवलीय. आम्ही दोघी ठीक आहोत. पायडल कडक लागतंय, पण गाडी धरत नाही. आणि तो आवाज आज सकाळपासून येतच नाहीये."

मी हातातला पाना खाली ठेवला. पायडल कडक आहे म्हणजे ब्रेक ऑइल गळालेलं नाही, नळी फुटलेली नाही. आणि आवाज आपोआप गेला, हे तर कधी होतच नाही. पॅड स्वतःहून बरे होत नाहीत.

ओळखीची एक जीप घेऊन घाट गाठला. वळणाच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकलेला होता, त्यात गाडीनं तोंड खुपसलेलं. एक दिवा फुटलेला, बाकी सगळं शाबूत. समोर पन्नास पावलांवर वळण होतं आणि वळणाच्या पलीकडं नुसती हवा. मागच्या चाकांमधून जळका वास येत होता. गिअर पहिल्यात होता. हँडब्रेक वरपर्यंत ओढलेला होता.  

रस्त्यावर काम करणाऱ्या लोकांनी चाकांना दगड लावले होते. त्यांचा मुकादम, कमरेला टॉवेल गुंडाळलेला, मला म्हणाला, "बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय व्हनार ओ? आमचा ढीग हुता म्हणून वाचल्या." राधाकाकू दगडावर बसल्या होत्या, कपाळाला टेंगूळ आलेलं. लोक म्हणत होते घरी चला. काकू म्हणाल्या, "आधी डोळा करून येते. रडायचं मग बगू." आणि मागून आलेल्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये चढल्या. मॅडमही त्यांच्यासोबत निघाल्या, तेवढ्यात मोटारसायकलवरून भास्करराव पोचले.

त्यांनी गाडीकडं बघितलं, आईकडं बघितलं, मग सगळ्यांदेखत हात पुढं केला. "चावी आना हिकडं. लई झाली हौस. आईला मारली असती आज. दसरा झाला की इकून टाकायची ही गाडी."

मॅडमनी चावी दिली.  पण चावी देताना त्यांनी माझ्याकडं जे बघितलं ते मला अजून आठवतं. त्यात राग नव्हता. गणित बरोबर सोडवूनही बाईंनी चूक ठरवलेल्या पोरासारखं ते बघणं होतं. मी गाडी दोरखंडानं बांधून वाशीला आणली. भास्कररावांनी बजावलं, "उद्या सकाळी येतो, माझ्यादेखत खोला. हिनं काय केलंय ते मला बगायचंय."

दुसऱ्या दिवशी तिघं आले. भास्करराव, तात्या आणि बार्शीहून परस्पर आलेल्या मॅडम; राधाकाकूंचा डोळा झाला होता, त्या दिवशी त्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. तात्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून भास्कररावांच्या मोटारसायकलवर मागं बसले होते. गॅरेजच्या दारात उकिडवे बसले आणि दोन्ही हात उपरण्यात गुंडाळून घेतले.

मी उजवं चाक काढलं. थाळीकडं बघताच कळलं. ब्रेकची थाळी कोरडी, चांदीसारखी असते. ही काळपट चमकत होती, तव्याला तेल पुसावं तशी. पॅड काढले तर लायनर तेलानं ओलाचिंब आणि कडेला जळालेला. अंगठ्यानं पुसून वास घेतला. ब्रेक ऑइल पातळ आणि पिवळसर असतं. हे काळं होतं, ट्रॅक्टरमधून काढलेलं जुनं इंजिनचं तेल. चाकाच्या आसपास कुठंही असं तेल नसतं. डावं चाक काढलं, तिथंही तेच. आणि कॅलिपरच्या कडेला एक धागा चिकटला होता, जुन्या धोतराच्या चिंधीचा.

मी मान वर केली. तात्या माझ्याकडं बघत नव्हते. ते त्या धाग्याकडं बघत होते.

मला सगळं समजलं. पूर्वीच्या बैलगाड्या ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना आठवेल, गाडीच्या खाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा. चाक कुरकुरलं की काठीला चिंधी गुंडाळून आखाला वंगण द्यायचं. ज्याची गाडी गावातून कुरकुरत जाई त्याला लोक आळशी म्हणत, बैलांची दया नसलेला म्हणत. तात्यांनी सगळी हयात गाडी हाकली, पण त्यांचं चाक कधी कुणी ऐकलं नाही. आणि आता त्यांच्या दारातली गाडी रोज ओरडत होती. त्यांनी चाकाच्या भोकांतून, काठीला चिंधी लावून, त्या चकचकीत थाळीला दोन्हीकडून वंगण दिलं होतं. मन लावून दिलं होतं. आवाज थांबला होता.

"काय घावलं?" भास्करराव म्हणाले. "सांगा की. हिनं काय क्येलं?"

"मॅडमची काही चूक नाही," मी म्हणालो. "पॅडला तेल लागलंय. तेल लागल्यावर कुणीही बसलं असतं तरी गाडी थांबली नसती. मॅडमनी थांबवली, हे नवल आहे."

"मग तेल कुनी लावलं? भुतानं?"

मी तात्यांकडं बघितलं. सत्तरी ओलांडलेला माणूस. थोरल्या मुलापुढं आणि सुनेपुढं, रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्यांपुढं त्याला हे कसं सांगायचं, की तात्या, तुम्ही काल तुमची बायको आणि सून दोघींना मरणाच्या दारात ढकललंत? माझी जीभ रेटेना. आणि न सांगावं तर भास्कररावांच्या खिशातली चावी खिशातच राहणार. भूत म्हणून तर चालणार नव्हतं, कुणाचं तरी नाव घ्यावंच लागणार होतं.

"माझ्याकडनं लागलं असंल," मी म्हणालो. "नवरात्राच्या गडबडीत वाकून बघितलं, तेव्हा हात तेलाचे होते."

 तीस वर्षं राखेनं हात धुणाऱ्या माणसानं हे बोलायचं! भास्करराव तर पेटलेच. "म्हंजी तुमच्यामुळं माझी आई मेली असती! ब्रेकचा मिस्त्री म्हनं! भिंतीवर काय लिवलंय ते पुसून टाका आधी. भूमपास्नं येरमाळ्यापत्तूर सांगतो, ह्या मानसाकडं गाडी लावू नका म्हणून." रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबली. त्यात माझी जुनी गिऱ्हाइकं होती. मी खाली मान घालून हात पुसत राहिलो.

"गप रं भास्कऱ्या," तात्या म्हणाले.

ते उठून उभे राहिले. उपरण्यातून हात बाहेर काढले. नखांच्या कडेला काळं तेल अजून होतं. "मिस्त्री खोटं बोलायलाय. त्यो काय लहान लेकरू हाय व्हय तेल सांडायला. तेल म्या लावलं."

 मी हात पुसायचं थांबवलं.

"पारावरची मानसं हसत हुती," तात्या म्हणाले. ते आता फक्त मॅडमशी बोलत होते. "तुजी गाडी पारावरनं गेली की समदे तोंडानं तसला आवाज काढायचे. बाईची गाडी आली, बाईची गाडी आली म्हनायचे. म्या ऐकायचो. म्हनलं, ही माजी सून. हिचं चाक वराडतंय म्हंजी माजं चाक वराडतंय. काल तू सासूला घिऊन लांब जानार हुतीस. म्हनलं, बार्शीत तरी कुनी हिला हसाया नको. म्हणून पाटं उठून वंगन दिलं. मला काय म्हाईत, पोरी. मला वाटलं चाक हाय, चाकाला वंगन लागतंय."

मॅडम घाटात रडल्या नव्हत्या, चावी देताना रडल्या नव्हत्या. आता रडल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तात्या, मला सांगायचं तरी. मला तर कुणीच हसत नाही असं वाटत होतं."

"त्येच तर," तात्या म्हणाले. "तुला कळू नये म्हणूनच की."

 भास्कररावांनी खिशात हात घातला आणि चावी काढली. ती मॅडमला द्यायची का तात्यांना द्यायची हे त्यांना ठरवता येईना, म्हणून माझ्या बाकड्यावर ठेवली आणि चहा प्यायला म्हणून निघून गेले. माणूस वाईट नाही. आई जाता जाता वाचली, ती भीती त्यांनी रागानं काढली, एवढंच.

पॅड एव्हाना आलेले होते. तेल प्यायलेले पॅड धुऊन चालत नाहीत, ते फेकावेच लागतात. थाळ्या काढून धुतल्या, पुसल्या, पुन्हा धुतल्या. मागचे ब्रेक खोलून साफ केले. नवे पॅड बसवले. तात्यांना मी शेजारी बसवून घेतलं आणि प्रत्येक गोष्ट हातात देऊन दाखवली. ही पट्टी, ही थाळी, इथं ग्रीस चालतं, इथं पाण्याशिवाय काही नाही. तात्या एखाद्या बैलाचे दात बघावेत तसे पॅड निरखत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी हे वराडतंय ते कुरकुर न्हाय. हे राखनीचं कुत्रं हाय." मी म्हणालो, अगदी तसंच. त्यानंतर कुणालाही समजावताना मी तात्यांचंच वाक्य वापरतो आणि आता गिऱ्हाइकाला बजावतो, घरी जाऊन सगळ्यांना सांगा.

ब्रेकचं काम झालं की पहिली चक्कर मी स्वतः मारतो, कुणाला चावी देत नाही. त्या दिवशी बाकड्यावरची चावी उचलून मॅडमला दिली. त्या घुटमळल्या. "तुम्हीच चालवा आज," म्हणाल्या. मी म्हणालो, "काल ज्या घाटात गाडी थांबवलीत तिथंच जायचं आणि आज पायानं थांबवायची. मी बाजूला बसतो." मागं तात्या बसले, न विचारताच.

नवे पॅड पहिले काही किलोमीटर जपून वापरायचे असतात, थाळीशी त्यांची ओळख व्हावी लागते. सपाट रस्त्यावर मॅडमनी हळूहळू, थांबत थांबत नेलं. घाट सुरू झाला तशी त्यांची बोटं स्टेअरिंगवर घट्ट आवळली. मी पुढं बघत राहिलो. उतारावर खडीच्या ढिगापाशी आल्यावर मी म्हणालो, "थांबवा." त्यांनी पाय दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागून तात्या म्हणाले, "आनखी येकदा." थोडं पुढं जाऊन पुन्हा थांबवली. "आनखी येकदा." वळणाच्या तोंडाशी, दरी दिसते तिथं, तिसऱ्यांदा थांबवली. गाडी हललीसुद्धा नाही. मॅडमनी मोठा श्वास सोडला आणि बोटं सैल केली.

तेवढ्यात कालचा मुकादम टॉवेलनं तोंड पुसत खिडकीपाशी आला. आधी गाडी ओळखली, मग मॅडमना. माझ्याकडं बघून म्हणाला, "आं? मिस्त्री, तुमी सोता संगं असताना बी गाडी बाईच्याच हातात?"

मी उत्तर देणार तोच मागच्या खिडकीतून तात्यांनी मुंडकं बाहेर काढलं. अख्खं रस्त्याचं काम थांबावं अशा आवाजात ते बोलले, बैल हाकणाऱ्या माणसाचा आवाज.

"काल तेल म्या घातलं हुतं. गाडी हिनं थांबीवली. मिस्त्री नुसता बसलाय!"

माझ्या कामाला आजवर खूप लोकांनी चांगलं म्हटलं. पण इतकी मोठी पावती मला कुणी दिली नाही. मुकादम बाजूला सरकला, मॅडमनी गिअर टाकला आणि मी हात मांडीवर ठेवून बार्शीपर्यंत नुसता बसून राहिलो. तिथं राधाकाकू डोळ्याला पट्टी बांधून आमची वाट बघत होत्या.